एकोणतिसाव्या आठवड्यात मिडवाइफचा शोध: नेदरलँड्समधल्या एका बाळंतपणाचं प्रकरण

आइंडहोवनच्या आसपास गेल्या काही वर्षांत मराठी कुटुंबं बरीच वाढली. त्यातल्या नव्याने आलेल्या गरोदर बायकांसोबत मी दुभाषी म्हणून जाते. हे माझ्या पोटापाण्याचं काम नाही. ओळखीतून सुरू झालं आणि चालू राहिलं. पुढचं प्रकरण त्यातलंच एक. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि कुटुंबाने लिहायला होकार दिला आहे. या प्रकरणात माझ्या हातूनही एक चूक झाली. ती या लिखाणाच्या मध्यावर येते आणि मला ती सविस्तर मांडायची आहे.

पार्श्वभूमी

वैदेही ३२ वर्षांची, हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिलं साडेचार वर्षांपूर्वी पुण्यात एका खासगी रुग्णालयात झालं होतं. बाळ पावणेतीन किलोचं, टाके पडले, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. कागदोपत्री सगळं सुरळीत. तिच्या मनात मात्र त्या रात्रीचे अकरा तास रुतून बसले होते. नवरा बाहेर, आई बाहेर, आणि लेबर रूममध्ये पडद्याच्या पलीकडे दुसऱ्या बाईचं ओरडणं. "ताई, कुणी नुसता हात धरून उभं राहिलं असतं ना, तरी मला चाललं असतं," असं ती पहिल्याच भेटीत म्हणाली.

नवरा, सुजय, नोकरीनिमित्त आधी इकडे आला होता. वैदेही मुलाला घेऊन आली तेव्हा एकोणतिसावा आठवडा सुरू होता. "तिथं गेल्यावर डॉक्टर बघू," एवढंच ठरलेलं.

इथली पद्धत आपल्यापेक्षा मुळातच वेगळी आहे. गरोदर बाई आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जात नाही, थेट मिडवाइफकडे जाते. डच भाषेत तिला फरलॉसकुंदिखे म्हणतात. 'सुईण' या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते इथं लागू पडत नाही. चार वर्षांचं पदवी शिक्षण, सरकारी नोंदवहीत नाव, आणि १९९३ च्या कायद्याने संरक्षित पदवी असा हा स्वतंत्र व्यवसाय आहे. तब्येत सरळ असेल तर नऊ महिने, बाळंतपण आणि नंतरचे दिवस सगळं तीच बघते. कुठल्या कारणासाठी डॉक्टरकडे पाठवायचं, याची ठरलेली यादी असते. जोखीम कमी असेल तर बाळंतपण घरी करायचं की रुग्णालयात, हे बाई ठरवते. अजूनही इथली साधारण सात-आठातली एक बाळंतपणं घरी होतात.

घरीच व्हावं ही वैदेहीची इच्छा हे सगळं कळल्यावर जागी झाली. त्यामागे आणखी एक व्यवहारी कारण होतं. साडेचार वर्षांच्या पोराला रात्री-बेरात्री सांभाळायला इथं कुणी नव्हतं.

अडचण

सुजयने एका आठवड्यात तीन मिडवाइफ प्रॅक्टिसना फोन केले. तिन्हींकडून एकच उत्तर: त्या महिन्याच्या तारखा भरल्या. प्रत्येक प्रॅक्टिस महिन्याला ठरावीकच बाळंतपणं घेते आणि इथल्या बायका आठव्या-नवव्या आठवड्यातच नाव घालतात. तिसाव्या आठवड्यात फोन करणारी बाई त्यांना अपवादानेच भेटते.

सुजय प्रत्येक फोनची सुरुवात "आम्हाला घरी बाळंतपण करायचं आहे" या वाक्याने करत होता. पलीकडच्या माणसाला दिसायचं ते एवढंच: अनोळखी बाई, दुसऱ्या देशातली फाइल, दहा आठवडे हातात, आणि पहिली मागणी घराची. मी त्याला म्हटलं, आधी मिडवाइफ मिळव, जागेचं नंतर बघू. जागा बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावरही बदलता येते. मिडवाइफ मात्र त्या रात्री शोधून मिळत नाही.

विम्याची चिंता मात्र निराधार निघाली. इथल्या मूळ आरोग्य विम्यात गरोदर आहे म्हणून कंपनी नकार देऊ शकत नाही आणि मिडवाइफचा खर्च त्यात येतो. नगरपालिकेत नोंद होऊन नागरिक क्रमांक मिळाला की काम झालं.

पहिला निर्णय: फाइल कशी पाठवायची

सुजयकडे पुण्याच्या फाइलचे मोबाइलवर काढलेले ६० च्या वर फोटो होते. काही उलटे, काहींवर अंगठ्याची सावली. ते तसेच पाठवले असते तर कुणी वाचले नसते. आम्ही रविवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दोन पानांचा गोषवारा केला. शेवटच्या पाळीची तारीख, पहिल्या सोनोग्राफीवरून धरलेली प्रसूतीची तारीख, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखरेची तपासणी, पाचव्या महिन्याची सोनोग्राफी, रक्तदाबाच्या नोंदी आणि आधीच्या बाळंतपणाची माहिती.

या शेवटच्या ओळीसाठी आमच्याकडे पुण्याचं डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं: पूर्ण दिवसांचं, नॉर्मल, टाके घातले, आई व बाळ ठीक. किती रक्त गेलं, वार (प्लासेंटा) कधी आणि कशी पडली, याचा उल्लेख नव्हता. मी वैदेहीला विचारलं, "वार आपोआप पडली ना?" ती म्हणाली, "पडलीच असणार. मला काही इंजेक्शन दिलं होतं, नंतरचं धूसर आठवतंय. पण नॉर्मलच होतं सगळं." मी लिहिलं: नॉर्मल.

चौथ्या प्रॅक्टिसने गोषवारा वाचून दुसऱ्याच दिवशी होकार दिला. अट अशी की इथल्या तपासण्या लगेच करायच्या आणि घराचा निर्णय सदतिसाव्या आठवड्यात घरभेटीनंतर.

एकतिसाव्या आठवड्यातली तपासणी

रक्ताचे अहवाल आले त्या रात्री सुजयचा घाबरून फोन आला. "ताई, हिमोग्लोबिन ६.४ आहे. पुण्यात दहाच्या वर होतं!" नेदरलँड्समध्ये हिमोग्लोबिन वेगळ्या एककात मोजतात. त्या आकड्याला १.६१ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. ६.४ म्हणजे आपले १०.३. थोडं कमी होतं, लोहाच्या गोळ्या चालू झाल्या, पण घाबरण्यासारखं नव्हतं. साखरेचंही तसंच. आपल्याकडची १४० ची सीमारेषा इथं ७.८ अशी लिहितात. हे दोन आकडे नव्या कुटुंबाला पहिल्या दिवशीच सांगावेत असं मला वाटतं. किती रात्रींची झोप वाचेल!

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्याकडे रक्तगट पॉझिटिव्ह आला की ऱ्हीससचा विषय संपतो. इथं 'ऱ्हीसस सी' हा आणखी एक घटक प्रत्येक गरोदर बाईचा तपासतात, आणि तो नसलेल्यांचं प्रमाण भारतीयांमध्ये युरोपियनांपेक्षा जास्त आहे. वैदेही त्यातलीच निघाली. अशा बाईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली आहेत का, हे साधारण सत्ताविसाव्या आठवड्यात बघतात. तिचं एकतिसाव्यात बघितलं. नव्हती. उशिरा येण्याची खरी किंमत अशा ठिकाणी कळते. प्रतिपिंडं असती तर चार आठवडे वाया गेले असते.

पर्याय

मिडवाइफने चार पर्याय समोर ठेवले. घरी. रुग्णालयात, पण मिडवाइफच्याच हाताखाली. वैद्यकीय कारण नसेल तर याला काहीशे युरो पदरचे भरावे लागतात. जन्मकेंद्रात, म्हणजे रुग्णालयाला लागून असलेल्या घरगुती खोल्यांत. किंवा कारण निघालं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

घरी काय नसतं हे तिने आधी सांगितलं. पाठीतलं भुलीचं इंजेक्शन नाही, रक्त चढवण्याची सोय नाही, शस्त्रक्रियागृह नाही. तिच्या बॅगेत काय असतं तेही दाखवलं: बाळाचे ठोके ऐकण्याचं यंत्र, गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, लघवीची नळी, टाक्यांचं सामान, ऑक्सिजन, बाळाला श्वास देण्याचा फुगा.

आकडे सुजयने मागितले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात कमी जोखमीच्या ५,२९,६८८ बायकांची माहिती होती. घरी आणि रुग्णालयात बाळंतपण ठरवलेल्यांमध्ये बाळांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नव्हता. इंग्लंडच्या २०११ च्या मोठ्या अभ्यासात घरी ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्क्यांना मध्येच रुग्णालयात हलवावं लागलं होतं. आधी बाळंतपण झालेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होतं. वैदेही दुसऱ्या गटातली. पण या सगळ्या आकड्यांच्या आधी 'कमी जोखीम' हे दोन शब्द आहेत. बाई त्या गटात आहे की नाही, हे तिच्या आधीच्या बाळंतपणाच्या खऱ्या माहितीवर ठरतं. आमची माहिती 'नॉर्मल' या एका शब्दावर उभी होती.

एका ओळखीच्यांनी आधी सुचवलं होतं की मिडवाइफ मिळत नसेल तर नुसती दूला, म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी बाई, बोलवा, ती हात धरते, श्वास शिकवते. दूला असावी, जरूर असावी. पण ती बाळंतपण करत नाही, तिला करता येत नाही. या सल्ल्याला आम्ही तिथंच थांबवलं.

दुसरा निर्णय: क्रामझोर्ख

बाळंतपणानंतर घरी येऊन बाळ-बाळंतिणीची काळजी घेणारी प्रशिक्षित बाई, ही इथली जुनी व्यवस्था आहे. तिला क्रामझोर्ख म्हणतात. साधारणपणे आठ दिवसांत मिळून ४९ तास मिळतात, तासाला पाच युरोंच्या आसपास आपल्याला भरावे लागतात, बाकी विमा देतो.

वैदेही आणि सुजय दोघांनी याला सरळ नकार दिला होता. आई येणार होती ना. वाईहून, बाळंतविडा, डिंक, अळीव, बाळंतशेपा, सगळं बांधून. परकी बाई घरात कशाला? असा विचार मी इथल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात ऐकला आहे.

पण घरच्या बाळंतपणात हीच बाई शेवटच्या टप्प्यात येऊन मिडवाइफला मदत करते. तीच दुसरं माणूस, तिचेच दुसरे दोन हात. तिची नोंद नसेल तर बाळ आणि आई दोघांकडे एकाच वेळी बघायची पाळी आली की मिडवाइफ एकटी पडते. हे मी त्यांना समजावलं तोवर तेहेतिसावा आठवडा उजाडला होता. दोन संस्थांनी जागा नाही म्हणून सांगितलं. तिसरीने कमीत कमी तासांवर, म्हणजे २४ तासांवर, नाव घेतलं. आधी नकार दिला नसता तर दोन आठवडे हाताशी राहिले असते.

तिसरा निर्णय: आई आणि घरभेट

वैदेहीच्या आई (मी त्यांना काकू म्हणते) ९० दिवसांच्या व्हिसावर छत्तिसाव्या आठवड्यात आल्या. विमानतळावरून घरी येईपर्यंत गप्प होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "आमच्या वेळी घरी व्हायची, कारण दवाखाना नव्हता. तुमच्या घरापासून दवाखाना दिसतो, मग घरी का?"

प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायचं काम मिडवाइफवर सोडायचं ठरलं.

सदतिसाव्या आठवड्यात ती घर बघायला आली. आधी जिना चढून उतरली. इथले जिने उभे आणि अरुंद असतात. स्ट्रेचर वळत नसेल तर अग्निशमन दलाच्या शिडीने खिडकीतून रुग्णाला खाली आणावं लागतं. तिने सरळ सांगितलं, बिछाना खाली, बैठकीच्या खोलीत आणा. गादीची उंची जमिनीपासून ८० सेंटिमीटर हवी, म्हणजे वाकून काम करावं लागत नाही. सुजयने पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावले, टेपने मोजलं, एका बाजूला ७८ भरलं, तर परत ठोकळा बदलला. बाळाच्या पाळण्यासाठी धातूच्या दोन गरम पाण्याच्या बाटल्या, चादरी, प्लास्टिकचं अंथरूण, बादली. रस्त्याकडेच्या मोठ्या खिडकीला इथं कुणी पडदा लावत नाही. काकूंनी ट्रंकेतून जुनं इरकली लुगडं काढलं आणि ते दोरीवर बांधलं.

मग मिडवाइफ काकूंसमोर बसली आणि तिने विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?"

काकू म्हणाल्या, "मागच्या वेळी पुण्यात पण शेवटी घोळ झालाच होता. म्हणून म्हणते, दवाखाना बरा."

मी भाषांतर केलं: आई म्हणतात, पहिलं बाळंतपणही मुलीला खूप जड गेलं होतं, त्यामुळे त्यांना काळजी वाटते.

मिडवाइफने मान हलवली. काकूंचा हात हातात घेतला. बॅग उघडून एकेक वस्तू दाखवली. मी मन लावून सगळ्याचं भाषांतर केलं. काकूंचा चेहरा जरा सैल झाला आणि आम्हाला सगळ्यांना वाटलं की झालं, समजूत पटली.

'शेवटी' आणि 'घोळ' हे दोन शब्द मी गिळले. मला तो जुन्या पिढीचा धसका वाटला, म्हणून मी त्याचा अर्थ लावला आणि अर्थच पुढे दिला. "काकू, घोळ म्हणजे काय झालं होतं?" एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

ठरलं घरी. वैदेहीला कळांमध्ये इंग्रजी सुचणार नाही, म्हणून मिडवाइफने माझ्याकडून चार शब्द शिकून घेतले: थांब, फुंकर घाल, जोर कर, सोड. ते तिच्या वहीत लिहून घेतले, दोनदा म्हणून दाखवले.

बाळंतपणाची रात्र

एकोणचाळीस आठवडे चार दिवस. रात्री सव्वादोनला कळा सुरू झाल्या, तीनला फोन, वीस मिनिटांत मिडवाइफ दारात. पिशवीचं तोंड तेव्हा पाच सेंटिमीटर उघडलं होतं. क्रामझोर्खच्या बाईंना तिने साडेचारला बोलावलं, त्या पाचला आल्या. वैदेही बिछान्यावर आडवी झालीच नाही. सोफ्याला रेलून गुडघ्यांवर होती, सुजयच्या मानेभोवती हात टाकून. काकू स्वयंपाकघराच्या दारात. मुलगा वर झोपलेला.

पाच चाळीसला मुलगी झाली. लगेच रडली, ३,२४० ग्रॅम भरली. नंतर वैदेही मला म्हणाली, त्या क्षणापर्यंतची रात्र तिला पुन्हा जगायला आवडेल. मिडवाइफ "सोऽड, सोऽड" म्हणत होती ते तिच्या कानात अजून आहे.

ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं. वार पडेना. लघवीची नळी घालून मूत्राशय रिकामं केलं, तरी नाही. रक्तस्राव फार नसेल तर इथं तासभर वाट बघतात. पण सहा वीसला रक्त वाढू लागलं. क्रामझोर्खच्या बाई खालचे पॅड वजनकाट्यावर ठेवून आकडा सांगत होत्या. ६०० मिलिलिटर झाल्यावर मिडवाइफने तास भरायची वाट न बघता ११२ ला फोन केला. रुग्णवाहिका अकरा मिनिटांत आली. तोवर शिरेत सुई लागलेली होती. बिछाना खाली असल्यामुळे स्ट्रेचर सरळ आत आलं आणि सरळ बाहेर गेलं. मिडवाइफ रुग्णवाहिकेत बसली, सुजय बाळाला घेऊन मागून मोटारीने निघाला.

घरात उरल्या काकू, मराठीचा एकही शब्द न समजणाऱ्या क्रामझोर्खच्या बाई, आणि जिन्यावर उभा राहून "आई कुठाय?" विचारणारा पोरगा.

सहा पन्नासला काकूंचा मला फोन आला. "अगं, हिची वार परत अडकली गं."

"परत?"

"पुण्यात नव्हती का अडकली! हिला गुंगीत ठेवून डॉक्टरांनी हात घालून काढली. नर्सबाईने मला बाहेर येऊन सांगितलं होतं. मी तुम्हाला म्हटलं नव्हतं का, शेवटी घोळ झाला म्हणून?"

निष्पत्ती

रुग्णालयात भूल देऊन वार हाताने काढली. एकूण १३०० मिलिलिटर रक्त गेलं. हिमोग्लोबिन ५.२, आपले ८.४. रक्त चढवावं लागलं नाही, शिरेतून लोह दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी घरी आल्या. क्रामझोर्खचे तास तब्येत बघून वाढवून मिळाले.

त्या दिवसांत काकूंचं आणि क्रामझोर्खच्या बाईंचं हळूहळू जमलं. काकूंनी पाळण्यात ठेवलेली राईची उशी बाईंनी उचलून बाजूला ठेवली. बाळ पाठीवर, उशीशिवाय झोपवायचं, हा नियम. घुटीतल्या मधालाही त्यांनी ठाम नकार दिला. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून विषबाधेचा धोका असतो. काकू नाराज झाल्या, पण अळिवाच्या खिरीला आणि तेल लावण्याला बाईंची हरकत नव्हती, उलट मालीश कसं करता ते त्यांनी शिकून घेतलं. सुजयने तीन दिवसांच्या मुदतीत नगरपालिकेत जन्माची नोंद केली.

वेगळं काय करता आलं असतं

आधीच्या वेळी वार हाताने काढलेली आहे हे माहीत असतं तर मिडवाइफने घर सुचवलंच नसतं. यादीप्रमाणे अशा बाईचं बाळंतपण मिडवाइफच करते, पण रुग्णालयात. वार तिथंही अडकली असती. शस्त्रक्रियागृह मात्र त्याच इमारतीत असतं आणि कमी रक्त गेलं असतं. मिडवाइफने त्या पहाटे जे केलं त्यात मला काही उणं दिसत नाही. उणं माहितीत होतं, आणि ती माहिती घरातल्या एका माणसाकडे सुरुवातीपासून होती.

मी आता गोषवारा करताना 'नॉर्मल' हा शब्द लिहीत नाही. विचारते: बाळ झाल्यावर वार किती वेळाने पडली? कुणी पोट दाबलं का, हात घातला का? गुंगीचं औषध दिलं होतं का? नंतर चक्कर, रक्त चढवणं, लोहाची सलाइन? वैदेहीने 'इंजेक्शन दिलं, नंतरचं धूसर आहे' असं सांगितलं तिथंच माझे कान टवकारायला हवे होते. टाके घालायला जागेवर भूल देतात, त्याने पुढचं धूसर होत नाही. आणि बाई गुंगीत असेल तर बाहेर बसलेल्या माणसाला विचारायचं. आपल्याकडे लेबर रूमच्या दाराशी आई, सासू, मावशी कुणीतरी असतेच, आणि नर्स तिलाच येऊन सांगते. काकू तेव्हा वाईला होत्या. एक व्हिडिओ कॉल पुरला असता.

पुण्याहून निघण्याआधी रुग्णालयाकडे संपूर्ण केस पेपर मागायला हवे होते. डिस्चार्ज कार्ड हा सारांश असतो. वार काढल्याची नोंद आतल्या कागदांत असते. सुजयने नंतर ते मागवले, नऊ दिवसांत मिळाले. त्यात एका ओळीत सगळं होतं.

भाषांतराबद्दल मी आता दोन गोष्टी पाळते. म्हणणं जसंच्या तसं पुढे देते, शब्द गोंधळाचा असला तरी. आणि घरातल्या थोरल्या बाईने 'नको' म्हटलं की मिडवाइफला सांगते, "का ते विचारा." वैदेहीची इच्छा मला इतकी पटलेली होती की मी नकळत तिच्या बाजूने भाषांतर करत होते.

एक सोय आम्ही कुणीच केली नव्हती: रुग्णवाहिका आली तर मागे राहणाऱ्यांचं काय. कुणाला फोन करायचा, पोराला कोण सांगणार, काकूंशी कोण बोलणार. पुढच्या कुटुंबासोबत आम्ही दाराच्या आत एक कागद चिकटवला. त्यावर माझा आणि शेजाऱ्यांचा नंबर, आणि क्रामझोर्खच्या बाईंसाठी मराठी वाक्यं डच उच्चारासकट: "ती ठीक आहे", "ते रुग्णालयात आहेत", "मी इथंच आहे".

सहा आठवड्यांनी मिडवाइफकडे शेवटची तपासणी झाली तेव्हा मी होते. मी तिला घरभेटीच्या वेळचं माझं भाषांतर काय होतं आणि मूळ वाक्य काय होतं, दोन्ही सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वहीत लिहिलं आणि म्हणाली, 'शेवटी' कळलं असतं तर मी पुढे विचारलं असतं. मग वैदेहीने तिच्याकडे इंग्रजीत एक पत्र मागितलं: दोन बाळंतपणं, दोन्ही वेळा वार हाताने काढली, १३०० मिलिलिटर रक्तस्राव, ऱ्हीसस सी निगेटिव्ह. एक प्रत तिच्या फाइलमध्ये गेली, एक पुण्याच्या घरी ठेवायला काकूंच्या ट्रंकेत, इरकलीच्या घडीत.